लाल लोकर

शेफील्डच्या कारखान्यात, वरच्या मजल्यावर,
आम्ही चौघं दीड वर्ष एक कात्री आखत होतो.
गुलाबाची, छाटणीची.
मूठ सव्वीस वेळा छापून पाहिली,
सव्वीसच्या सव्वीस माझ्या हाताला छान बसल्या.
माझा हात चौतीस वर्षांचा,
आणि त्यानं गुलाब कधी लावलेला नाही.

मग वरून आदेश आला, दारं उघडा.
शनिवारी बारा गिऱ्हाइकं बोलावली.
चहा, आल्याची बिस्किटं, प्रत्येकाला एक फॉर्म:
एक ते पाच, किती समाधानी?

डोरीन हॅटर्सलीनं फॉर्म उलटा करून
कपाखाली ठेवला.
वय एक्याऐंशी. बोटांचे सांधे
आत्ताच मातीतून उपटलेले.
पिशवीतून तिनं आमचीच कात्री काढली,
सत्त्याण्णव सालची,
आणि मी ती ओळखली नाही.

एका मुठीवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा,
दुसरीला कानशीनं पाडलेला खळगा, अंगठ्याएवढा.
खटका काढून टाकलेला,
त्या जागी केसांचं रबर.
आणि टोकाला वीतभर लाल लोकर.

"ही कशाला?"
"गवतात हरवते ना.
तुमचा हिरवा रंग फार सुंदर आहे गं,
गवतात पडला की अगदी गवत होतो."

गॅरेथ खाली मान घालून लिहीत राहिला.

मला विळी आठवली.
कुणा लोहारानं नुसतं पातं घडवलं असेल,
आणि कुणी बाई त्याच्या भात्याशी उभी राहून
म्हणाली असेल, बाबा, ह्याला पाट लाव,
मी पाय देऊन बसते,
दोन्ही हात मोकळे राहू देत.
आणि निघता निघता, वळून:
वर नारळ खवायला दाते पण कर.
तिचं नाव कुठल्याच पात्यावर नाही.

हे मी मीटिंगमध्ये बोलले नाही.
मीटिंगमध्ये 'सहनिर्मिती' असा शब्द होता,
त्याची स्लाइड होती,
स्लाइडवर एकमेकांत गुंफलेले हात, सगळे तरुण.

वसंतात कात्री बाजारात आली.
केशरी मूठ, अंगठ्याला खळगा,
खटक्याच्या जागी रबरी फास.
खोक्यावर: आमच्या तज्ज्ञांनी घडवलेली.
ते वाक्य मीच तपासलं होतं,
शुद्धलेखनासाठी.
डोरीनला आभाराचं पत्र,
वीस पौंडांचं व्हाउचर, एक कात्री फुकट.

जूनमध्ये वॉक्लीच्या चढावर तिच्या वाफ्यांवर गेले.
नवी कात्री खोपटाच्या खिळ्याला टांगलेली,
लाल लोकर बांधून.
"केशरी आहे की आता," मी म्हणाले.
"झेंडूही केशरीच," ती म्हणाली.
कात्री हातात घेऊन पाहिली:
मूठ आतून पुन्हा घासलेली,
माझ्या हाताला मुळीच बसेना.

"चांगली आहे," ती म्हणाली, "फक्त..."
आणि कोटाच्या खिशात कानस चाचपू लागली.
मी वही उघडली.
"लिही. आणि ह्या वेळी नीट लिही,
हॅटर्सलीत टी दोन असतात."