बासष्ट मीटर

लाकडी चर्चच्या माळ्यावर, ऑर्गनच्या डोक्याशी
ट्रॅक्टरचा एक आरसा तारेने बांधलेला आहे.
सामुदायिक शेती मोडली त्या वर्षी
गेनोवाइतेच्या नवऱ्याने तो सोडवून आणला.
ट्रॅक्टर भंगारात गेला, आरसा देवाच्या कामी लागला.
वेदीकडे पाठ करून वाजवणाऱ्या बाईला
पाद्री हात कधी उचलतो ते कळायला नको?

आता तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू.
आरशात नुसता एक पांढरा डाग हलतो.
म्हणून जानेवारीत, उणे चौदात, मला बोलावणं.

विल्नियसहून मागवलेल्या दोन डब्या,
एक पाठवणारी, एक घेणारी.
दिसायला जुळ्या, म्हणून एकीला चिकटपट्टी लावली.
कॅमेरा तिसऱ्या खांबावर,
तिथून केबल घंटेच्या दोराशेजारून वर,
पण दोराला न टेकवता.
योनास रविवारी दोर ओढतो
तेव्हा अख्खा मनोरा बोटभर झुकतो.

केबल सोलली की आतून आठ तारा,
शाळेत निघालेल्या पोरींच्या वेण्यांसारख्या घट्ट.
त्या आधी उलगडायच्या, मग ओळीत उभ्या करायच्या.
पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी,
मी पुटपुटत होतो.
बाकावरून ती म्हणाली, "ही कुठली प्रार्थना?"
"पोटापाण्याची," मी म्हटलं.

पडदा काळा.
डब्यांवरचे दिवे हिरवे, तरी पडदा काळा.
तपासणीच्या यंत्रावर ठिपके धावले,
एक, दोन, तीन, पाच, चार.
बोटं बधिर झाली की निळी काय, पांढरी-निळी काय.
टोक कापलं. फुंकर मारून हात गरम केले.
पुन्हा तीच प्रार्थना, या वेळी मनात.

आणि मग आली वेदी,
बासष्ट मीटर चालून, न दमता,
मेणबत्त्यांच्या वाती मोजता येतील इतकी,
क्रोशाच्या कापडाची उसवलेली कडसुद्धा,
आणि योनासने विसरलेली बादली.

मी कौतुकाची वाट बघत उभा.
ती नाक लावून बघत राहिली.
"चूक आहे हे."
"काय चुकलं?"
"मारिया त्या बाजूला कशी गेली?"

मी समजावलं. आजी, हेच बरोबर आहे,
आरसा उलटं दाखवायचा.
ती गप्प.
माझ्या तेव्हा ध्यानात आलं:
तेहेतीस वर्षं तिने पाद्रीचा उजवा हात डावा म्हणून पाहिला,
तेहेतीस वर्षं सगळ्या नवऱ्या खिडकीच्या बाजूने चढल्या,
आणि चार मार्चपूर्वी एक पेटी
वेदीपाशी डावीकडे वळली,
त्या वळणावर तिने बोट उचललं
आणि सूर संपवला.

"बरोबर काय ते मला सांगू नकोस," ती म्हणाली.
"तो गेला त्या बाजूने दाखव."

सत्तावीस पायऱ्या खाली. शिडी.
कॅमेऱ्याच्या पाठीवरची बारीक बटणं,
उजेड, रंग, झूम, भाषा, पुन्हा भाषा,
आणि तळाला, कुणी कधी वापरत नाही तिथे,
एक ओळ: आरसा. होय की नाही.

होय दाबलं.

खालून मला पडदा दिसत नव्हता.
बराच वेळ काही नाही.
मग वरून एकच सूर आला, पायाने वाजवायचा, जाड,
खिडकीच्या काचा किंचित वाजल्या.
तिचं "हं" तेवढंच असतं.

वर जाऊन हत्यारं गोळा केली.
"आता हा काढून टाकू का?" मी आरशाकडे बोट केलं.
"आणि वीज गेली तर?"

तेही खरंच.
पक्कड पुन्हा बाहेर काढली
आणि आरशाची सैल झालेली तार
दोन वेढे आवळून दिली.