गुडघ्यातली अक्कल

मंगफच्या क्लिनिकात संध्याकाळी शेवटचा नंबर ब्रूसार्डचा.
दारातून तो अजून जरा तिरका होऊन आत येतो,
खांदे आता तेवढे राहिलेले नाहीत तरी.
टेबलावर बसला की खालचा कागद टरकतो.
सॉरी, म्हणतो. दर वेळी.

फायलीत व्यवसाय : शाळेत कोच.
पूर्वीचा व्यवसाय : रनिंग बॅक, सहा सीझन.
पहिल्या दिवशी मी विचारलं होतं,
म्हणजे उलटं पळायचं?
इतका हसला की बर्फाची पिशवी घसरून फरशीवर.
नाही, म्हणाला, मागे उभं राहायचं.
चेंडू हातात आला की पोटाशी धरायचा, तान्हं मूल धरावं तसा,
आणि भिंतीत घुसायचं.
कसली भिंत?
माणसांची. ती अंगावर पडते. मग उठायचं.

यार्डात मोजतात म्हणे. एका धावेला सरासरी पावणेचार.
यार्ड म्हणजे आमचा वार.
मनात हिशोब केला : एवढं पळून
अर्धं लुगडंही भरत नाही.
वार म्हणजे घाव, हे मी सांगितलं नाही.
त्याची पाठ बघितलीय मी.

तिसऱ्या वर्षी अकराशे वार, आईला घर,
एका गल्लीत त्याच्या नंबरचे शर्ट घातलेली पोरं.
चौथ्या वर्षी किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये फोन आला :
तुला दुसऱ्या टीमला दिलंय.
गाडीत आइस्क्रीम होतं, म्हणाला,
ते वितळेपर्यंत मी तिथेच बसलो.
पाचव्या वर्षी गुडघा.
सहाव्यात सगळे सामने बाकावर, टोपी घालून.
वय सत्तावीस.
माझी तर तेव्हा पहिली नोकरी लागत होती, मिरजेत.

आमची आई नंदूदादाला म्हणायची,
याची अक्कल गुडघ्यात.
दहावीला दोनदा बसला तो, म्हणून.
एकदा मी हे ब्रूसार्डला सांगितलं, गंमत म्हणून,
त्याचा पाय माझ्या मांडीवर, पायाखाली उशी.
तो हसला नाही.
बरोबर आहे, म्हणाला.
डावीकडे फट पडणार हे आधी गुडघ्याला कळायचं,
मग डोळ्यांना,
मला सगळ्यांत शेवटी.
डॉक्टरांनी गुडघा छान जोडून दिला.
अक्कल काही परत बसवली नाही.

त्याचं गावही गल्फवरचं. दुसऱ्या, तिकडच्या.
तिथेही कोळंबीचा वास, तिथेही समुद्रात तेलाचे मनोरे
रात्रभर दिवे लावून उभे.
मी गल्फ सोडलंच नाही, म्हणतो, नुसती बाजू बदलली.
जयसिंगपुरात माझी ओळखही तेवढीच :
ती ना, गल्फला असते.
अकरा वर्षं. दर दोन वर्षांनी सही.
दाबून दाबून माझे अंगठे गेलेत,
सकाळी बरणीचं झाकण उघडत नाही.
हे कोणत्या फायलीत लिहायचं?

मागच्या गुरुवारी ईशाच्या नमाजानंतर
त्याच्या शाळेच्या मैदानावर गेले.
हवेत धूळ, दिव्यांभोवती पिवळी वर्तुळं,
वीसेक पोरं, हेल्मेट बाराच.
मिशारी नावाचं काटकुळं पोरगं
चेंडू घेऊन निघालं, घोळक्यापाशी अडखळलं.
आणि मी पाहिलं,
मैदानाच्या पांढऱ्या रेषेबाहेर
ढगळ पँटच्या आत एक गुडघा
डावीकडे वळला,
पोरगं वळायच्या आधी.

शनिवारी सूज. एकशे दहा अंशांवरून पंचाण्णव.
काय केलंस, मी विचारलं.
काही नाही, उभा होतो.
मी लिहिलं : कारण, उभे राहणे.
आणि बर्फ आणायला उठले.