जाळीचा डावा कोपरा

पाराना नदीच्या काठचं आमचं गाव
मांसाच्या कारखान्याभोवती वसलेलं.
भोंग्यावर उठायचं, भोंग्यावर जेवायचं.
भोंगा बंद पडून नऊ वर्षं झाली,
आन्सेल्मो अजून पहाटे चारलाच उठतो
आणि कुठं जायचं ते न सुचून अंगण झाडतो.

रविवारी मात्र तो राजा.
विटांची चूल, वर लोखंडी जाळी,
उजव्या हाताला बोटं तीनच,
पण बरगडी उलटवताना ती तीनही पुरून उरतात.

आणि रोमिल्दा आली रोसारियोहून.
बॅग खाली ठेवायच्या आत म्हणाली,
आई, मी आता खात नाही.
मला वाटलं, वाटेत जेवून आलीय.

मांस नाही. अंडं नाही. दूध, लोणी, चीज नाही.
मधसुद्धा नाही.
मी विचारलं, पाणी तरी?
ती हसली नाही.

मग मी वांग्याचे काप करायला घेतले, मिलानेसासारखे.
लसूण, पार्सली, पावाचा चुरा, सगळ्यावर हात बसलेला,
पण अंड्याशिवाय चुरा धरणार कशाला?
तेलात पडताच सुटला सगळा,
वांगं उघडं पडलं,
न्हाताना कुणी दार ढकलावं तसं.
दुसऱ्या दिवशी हरभऱ्याचं पीठ भिजवलं, पातळ झालं.
तिसऱ्या दिवशी गोळा.
चौथ्या दिवशी पळीवरून
नाइलाजानं उतरावं तसं उतरलं,
काप खुसखुशीत जमले,
आणि नेमकी ती मैत्रिणीकडे जेवून आली.
मी ओट्याशी उभ्यानंच चार खाल्ले.
चांगले होते. कुणाला सांगितलं नाही.

शेजारचा एउसेबियो कुंपणावरून ओरडला,
आन्सेल्मो, तुझ्या घरी आता गुरांचा चारा शिजतो म्हणे!
आन्सेल्मो सुरीला धार लावत राहिला,
आधीच धार असलेल्या सुरीला.

काल रात्री जानेवारीचा उकाडा, झोप कुणालाच नाही.
अंधारात तो म्हणाला,
नेलिदा, मी कारखान्यात लागलो तेव्हाचं आठवतं?
तीन आठवडे नुसता पाव खात होतो.
आठवत होतं. मला वाटलेलं, पोट बिघडलंय.
बोल्दोच्या पानांचा कडू काढा देत होते रोज,
नव्या नवरीच्या हौसेनं.
पोट ठीक होतं, तो म्हणाला.
मग पहिला पगार झाला, वर कागदात बांधलेलं
दोन किलो मांस, फुकट.
तू किती खूश होतीस.

एवढंच. कूस बदलली.
पंखा टकटक करत राहिला.
एकवीस दिवस, एकवीस पेले,
आणि मी एकदाही विचारलं नव्हतं.

आज रविवार. दीर आले, भाचे आले, एउसेबियोही आला;
बरगडी फुकट असली की कुंपण आडवं येत नाही.
आन्सेल्मोनं अर्धा कांदा काट्याला टोचला
आणि जाळीचा डावा कोपरा घासला. पुन्हा घासला.
पायाखाली विटेचा तुकडा सारून
जाळीला उतार दिला उजवीकडे,
चरबीचा ओघळ इकडे येऊ नये म्हणून.
रोमिल्दा त्याच्याकडे बघत होती,
तो निखाऱ्यांकडे.
मग डाव्या कोपऱ्यात ठेवली दोन अख्खी वांगी,
एक कणीस, भोपळी मिरची.

हे शिजलं कसं कळायचं, तो कुरकुरला,
रक्त नाही, काही नाही, बोलतच नाही हे.
बाबा, दाबून बघा.
त्यानं तीन बोटांनी दाबलं,
साल फाटलं, बोटं आत गेली,
पोळला, सणसणीत शिवी घातली,
बोटं तोंडात.

बराच वेळ तोंडातच होती.

मी मीठ आणायला म्हणून आत गेले.
मीठ टेबलावरच होतं.