कमरेचा पहिला मणका

सप्टेंबर संपत आला की आमच्या वॉर्डात
पलंग कमी पडतात.
वर अर्सलानबोबात अक्रोड पिकलेले असतात,
अख्खं गाव तंबू घेऊन रानात,
आणि पोरं चढलेली, तीस हात, चाळीस हात,
एका फांदीवर उभी राहून दुसरी गदागदा हलवणारी.
अक्रोड आधी पडतात.

हिकमतिल्लो आला तेव्हा त्याची बोटं काळी होती.
हिरव्या सालीचा तो डाग महिनाभर जात नाही.
निवा गाडीच्या मागच्या सीटवर
त्याला बसवून आणला होता. बसवून.
खड्ड्याखड्ड्यांतून जलाल-अबादपर्यंत.
मी काही बोलले नाही.
आम्ही चौघी, एकीच्या तोंडी आकडे,
बीर, इक्की, उच,
आणि ओंडका लोळवावा तसा त्याला फळीवर घेतला,
डोकं, खांदे, कंबर एका रेषेत.

मग टाचणी.
इथे कळतं? कळतं.
इथे? कळतं.
जांघेशी येऊन टाचणी मुकी झाली.
छताकडे बघत तो म्हणाला,
"टोचा ना. थांबलात का?"
मी थांबले नव्हते.

फोटोत कमरेचा पहिला मणका
फुटलेल्या अक्रोडासारखा. नाही,
ही उपमा मी नवी असताना वापरायचे.
अक्रोड आपण फोडतो ते आतल्यासाठी.
इथे आतली ती बोटभर जाडीची पांढरी दोरी
जपायची असते,
आणि कवचाचीच एक कपची
तिच्यावर रोखलेली.

डॉक्टर तोक्तोसुनोव यांनी साडेचार तास घेतले.
वरच्या मणक्यात दोन स्क्रू, खालच्यात दोन,
मध्ये सळ्या.
बाहेर येऊन चहा मागितला. म्हणाले,
"हाड जुळेल. पुढचं मला विचारू नका."

रात्री दर दोन तासांनी कूस.
टाचा अधांतरी, चादरीला एक सुरकुती नको;
हाडातून वाचलेला माणूस
पाठीवरच्या रुपयाएवढ्या जखमेने जातो.
धाकटा भाऊ झोकिर मदतीला.
तिसऱ्या रात्री म्हणाला,
"ओपा, पडल्यावर तो पाय हलवत होता.
म्हणजे, मला वाटतं, हलवत होता.
मी काखेत हात घालून उचललं त्याला,
पाणी पाजायला बसवलं.
ते झाडाखाली झालं,
की माझ्या हातात?"

फोटोत मोडलेलं दिसतं.
कधी मोडलं ते दिसत नाही.
झाडाखालीच रे बाळा, हे ओठांवर आलं होतं.
पण वीस वर्षं गावोगाव मीच सांगत फिरले:
पडलेल्याला उठवू नका, बसवू नका,
घोटभर पाण्यासाठीही मान उचलू नका,
घराचं दार काढा, दारावर घालून आणा.
दोन्ही वाक्यं एका तोंडात मावेनात.
म्हणाले, "कंबर धर. आकडे आज तू म्हण."
तिसऱ्या आकड्याला त्याचा आवाज फुटला,
हात मात्र हलले नाहीत.

अकराव्या दिवशी डावा अंगठा हलला.
किंवा चादर हलली.
झोकिरने मोबाइलचा दिवा धरला
आणि आम्ही तिघं, फजरची बांग होईपर्यंत,
एका अंगठ्याकडे बघत बसलो.

पुढच्या सप्टेंबरात एक ट्रक आला.
आत कुणाचा तरी सोळा वर्षांचा मुलगा,
डोक्याच्या दोन्ही बाजूंना झोकिरचे तळवे,
तसेच, रस्ताभर.
खाली निळं दार, कडी लोंबकळती.
"कुणाच्या घरचं?" मी विचारलं.
"हिकमतिल्लोच्या खोलीचं. तोच ओरडला, काढा म्हणून."
मग माझ्याकडे न बघता,
"परत न्यायचंय, ओपा. रात्री थंडी पडते तिकडे."