विद्यार्थी वाहतूक

घर पोरांना दिलंय.
सहा पोरं, तीन खोल्या, देवघराच्या भिंतीवर
आवर्तसारणी चिकटवलेली.
तुळशीला पाणी अहमदपूरचा आदिनाथ घालतो,
त्याची परीक्षा मे महिन्यात.
भाडं आलं की डिझेल येतं,
डिझेल आलं की आम्ही लातूर सोडतो.

गाडी म्हणजे शाळेची जुनी बस.
पांढरा रंग दोनदा दिला, तरी उन्हं तिरपी झाली
की खालची अक्षरं वर येतात: विद्यार्थी वाहतूक.
शेळ्यांमागची पोरं हात करतात,
हे हॉर्न देतात,
मी म्हणते, अहो, म्हातारं माणूस तुम्ही,
तर परत देतात.

सगळ्या सीटा काढून एकच ठेवली, खिडकीजवळची.
पहिल्या आठवड्यात तिच्यावरून अबोला.
मग ठरलं, सम तारखेला मी, विषम तारखेला हे.
एकतीसनंतर एक येते,
म्हणजे सलग दोन दिवस यांचे,
हे मला दुसऱ्या महिन्यात कळलं.

टाकी चाळीस लिटरची.
एका बादलीत दोघांची आंघोळ, तेच पाणी फरशीला,
उरलं तर टायरला.
लातूरच्या माणसाला हे कुणी शिकवावं लागत नाही.

मुखेडच्या अलीकडं पळस फुललेला.
मी म्हटलं, बघा.
यांनी बघितला पळसामागचा खांब,
म्हणाले, ताण वायर ढिली आहे.
चौतीस वर्षं लाइनमन होते, मान अजून वरच असते.
माझीही सवय गेलेली नाही,
कुठल्याही गावात शिरताना मी आधी
दारात खेळणारी लेकरं मोजते,
आणि थंड पेटी हातात नाही
म्हणून हाताला चुकल्यासारखं होतं.

पाडव्याला आम्ही मन्याडच्या काठाला होतो.
पाणी मागं सरकून चिखलाला भेगा पडलेल्या,
काठावर कडब्याच्या गंजी, वर लिंबाचा मोहोर,
रात्रभर टपावर पडत होता, आवाज न करता.
गुढी टपाच्या शिडीला बांधली.
उंबरा नाही, म्हणून रांगोळी पायरीखाली काढली,
तेव्हा हे म्हणाले, आज गाडी हलवायची नाही.
चावी काढून डाळीच्या डब्यात ठेवली.

दुपारी गावातून एक बाई आली,
दोन्ही हातांत पाण्याचे कॅन.
"सिस्टर, वळखलं का? मी मुमताजची धाकटी."
मला मुमताजही आठवेना.
तिनं डावी बाही वर सरकवली,
दंडावर तो गोल वण, वाटाण्याएवढा.
"हे तुमचंच की."
किती दंड, किती रडणं, किती कापसाचे बोळे.
मी म्हटलं, हो गं, लई रडली होतीस तू.
ती इतकी खूश झाली
की मी खोटं बोलले, हे मलाच पटेना.
साखरेची गाठी दिली तिच्या पोराला.
त्यानं आधी बसवरची अक्षरं वाचली, मग गाठी चावली.

रात्री लाइट गेली.
गावभर एकच गलका, मग कुणीतरी फोनवर ओरडायला लागलं.
हे उठून बसले.
उशाखालची पक्कड काढली, उघडली, मिटली.
"डीपीचा फ्यूज असंल."
मी काही बोलले नाही.
बऱ्याच वेळानं मोटारसायकलवर नवा पोरगा आला,
पंचविशीचा, पायात चप्पल.
यांनी पक्कड परत उशाखाली ठेवली
आणि बॅटरी घेऊन खाली उतरले.
मला दारातून दिसत होतं,
त्यांनी कशाला हात लावला नाही.
फक्त बॅटरी धरली, पोराच्या बोटांवर,
थरथरू न देता, दोन्ही हातांनी.

लाइट आली. गाव हो करून ओरडलं.
आमची बस तेवढी अंधारात,
आमचं कनेक्शन कुठंच नाही.
हे तिथंच थांबलेले, पोराला चपलेवरून काहीतरी सांगत,
आणि तो ऐकत होता.

तारीख एकोणीस होती, विषम.
मी खिडकीत जाऊन बसले.