दीडकी

खोरफक्कानच्या हॉलमध्ये एसी इतका गार
की बाहेरचा ऑगस्ट कुणीतरी उठवलेली अफवा वाटावा.
मला मेजावर बसवून डॉक्टरीणबाई –
ट्युनिसच्या, नाव हनान, अंगठ्याला शाई –
म्हणतात, चेंडू दोन्ही हातांनी डोक्यावर धर.
डावीकडे झुक. अजून.
आता सावर.
माझा मीपणा कुठवर पोचतो
ते त्या चार बोटांनी चाचपतायत,
बेंबीच्या वर, आणखी वर.

काल रात्री कोच सालेम खुर्चीचं चाक धरून
आपल्या त्या दुबई-हिंदीत हळूच म्हणाला होता,
"कल थोडा जल्दी गिरना."

हिशोब सोपा आहे.
मैदानात पाच जण, पाचांची बेरीज चौदा,
त्यावर अर्धासुद्धा चालत नाही.
मुबारक साडेचार, रोडेल साडेचार,
सुदानचा इद्रिस अडीच, पोरगेला थापा एक,
आणि मी, मुदस्सर चौगुले, बाणकोटचा, दीड.
मी एक झालो
तर अडीचच्या जागी तीनचा खमीस उतरेल.
खमीसचा हात लांबून लागतो.
त्याची आई प्रत्येक सामन्याला खजूर घेऊन येते
आणि तो बाकावरून खाली बघतो.

बाप सुपारीच्या वखारीत तोलायला होता.
दीडकी तोंडपाठ त्याला, औटकीसुद्धा;
मला मांडीवर घेऊन घोकून घ्यायचा,
दीड एके दीड, दीड दुणे तीन,
दीड त्रिक साडेचार.
आणि चुकलो की, दीडकीच्या कामाचा नाहीस तू.
त्याला सांगायला हवं होतं,
अब्बा, तीन मुदस्सर म्हणजे एक मुबारक.
इथे तसा कागद देतात, सहीशिक्क्यासकट.

लवकर पडायचं कसं, ते मला येतं.
अजमानच्या कोर्टात वकील कुट्टी म्हणाला होता,
ताठ बसू नकोस, भाई, टक्के कमी होतील.
कंपनीचा डॉक्टर मला सरळ करू बघत होता,
आमचा डॉक्टर वाकवत होता,
मधे मी.
वाकलो.
ते खोटं होतं का?
संध्याकाळी मी तसाच वाकायचो, सकाळी नाही;
कोर्ट सकाळी होतं.
अडुसष्ट टक्के मिळाले.
त्या पैशांतून गावी घराचा स्लॅब पडला.
मी ज्यावरून पडलो, तोही स्लॅबच होता.

"सावर," हनानबाई म्हणतात.
मी पडू शकतो.
पाठीतली एक जागा सैल सोडली की झालं,
दोरी सोडल्यासारखी.
कुणाला कळणार नाही. कदाचित बाईंनाही नाही.
पण तीन वर्षं रोज पहाटे
त्याच जागेला मी शिकवलंय धरायला.
बोटभर जागा. डॉक्टर म्हणाले होते, मेली आहे.
तिला आज कसं सांगू
की मेल्याचं सोंग घे?

सावरलो.
दारापाशी उभा सालेम
मोबाइलमध्ये काहीतरी बघू लागला.
बाईंनी लिहिलं : दीड.

राष्ट्रीय संघाच्या यादीत मला आकडाच नाही,
तिथे शरीर नाही, पासपोर्ट मोजतात;
त्याची तक्रार कुठल्या मेजावर करायची
ते मला अजून सापडलेलं नाही.

शुक्रवारचा सामना एका गुणाने गेला.
मी माझी खुर्ची दोघांच्या आडवी घातली,
लोखंडाला लोखंड भिडून ठिणगीचा वास आला,
त्या फटीतून मुबारक दोनदा आत गेला.
फलकावर ते त्याचे चार.

खमीस पूर्ण वेळ बाकावर.
शेवटच्या वेळी पाणी मागितलं
तर बाटली त्यानेच पुढे केली.
बोलला काही नाही.
झाकण मात्र उघडून दिलं,
जे मला उघडता येतं
हे त्याला चांगलं माहीत आहे.