फुली

सूरच्या दवाखान्यात पहिल्याच दिवशी
डॉक्टर मोराग लॅमंट बाईंनी पंखा बंद केला.
म्हणाल्या, छातीतलं ऐकू येत नाही.
मे महिना. मी औषधांच्या खिडकीत,
शर्ट पाठीला चिकटलेला,
आणि आतून त्यांची तुटकी अरबी :
वेन यऊरक? कुठं दुखतं?

अकरा वर्षं हा एकच प्रश्न.
गलबतं बांधणाऱ्या, अर्धा अंगठा गमावलेल्या सुताराला,
पिकअपमध्ये बकऱ्यांसोबत आलेल्या बदू बाईला,
आणि एकदा मला,
अब्बा दाभोळात वारले त्या आठवड्यात.
मी म्हटलं, कुठंच नाही.
त्यांनी गोळ्या मोजणाऱ्या माझ्या हाताकडं पाहिलं
आणि उरलेल्या पुड्या स्वतः बांधल्या.

मग त्या गेल्या, आपल्या बेटावर,
जिथं, म्हणायच्या, पाऊस आडवा पडतो.
पत्र आलं : मुकादम, इथलं प्रसूतिगृह बंद करतायत.
बाळंतिणीला बोटीनं दोन तास.
आजवर औषधं लिहिली, आता अर्ज लिहिते.
पुढच्या पत्रात : निवडणुकीला उभी आहे.
त्याच्या पुढच्यात : एक्केचाळीस मतांनी पडले.
खाली एवढंच : नाडी चालू आहे.

चार वर्षांनी निवडून आल्या.
एडिंबराच्या सभागृहातलं पहिलं भाषण
पोरानं फोनवर लावून दिलं.
सगळं कळलं नाही, त्यांचा ‘र’ फार गडगडतो.
पण मधेच त्या थांबल्या, पाणी प्यायल्या,
आणि समोरच्या मंत्र्याकडं तसंच पाहिलं
जसं बीपीच्या गोळ्या समुद्रात फेकणाऱ्या
नाखव्याकडं पाहायच्या.

प्रसूतिगृह वाचलं नाही.
एक हेलिकॉप्टर मिळालं,
तेही वारा नसेल तर.

मी इथं तीस वर्षं. मत कुठंच दिलं नाही.
इथं परका; आणि गावच्या यादीत माझ्या नावापुढं
कुणीतरी लाल शाईनं लिहिलंय : स्थलांतरित.
बताक्याची तारीख तेवढी तोंडपाठ.

यंदाच्या पाकिटात त्यांचं पत्रक निघालं.
केस पांढरे, अंगात रेनकोट, मागं मेंढ्या.
सोबत नमुन्याची मतपत्रिका.
तिथं म्हणे बटण नाही, शिक्का नाही,
पेन्सिलीनं फुली मारतात.
आमच्या शाळेत फुली म्हणजे चूक.

दुपारी दीडला खिडकी ओढून घेतली.
कानामागची पेन्सिल काढली,
डोस लिहायची, चावून बोथट झालेली,
आणि लॅमंट बाईंच्या नावापुढं
सावकाश, चौकटीबाहेर न जाता,
मारली.

काचेवर टकटक.
बलुची पोरगा, बोटात माशाचा काटा.
म्हटलं, थांब रे, दोन मिनिटं.
पेन्सिलीचं काय, घामानंही पुसतं,
म्हणून कागद आधी
काउंटरच्या काचेखाली सरकवला.